नळीची रेष, नजरेची रेष

थोडं स्थिर बसा. पाठ टेकलीत तरी चालेल. हात मांडीवर मोकळे सोडा आणि श्वास आपला आपण येऊ-जाऊ दे. आता आपण एका अगदी लहान वस्तूकडे पाहणार आहोत. बोटाच्या पेरावर मावेल एवढीच ती आहे, पण तिच्याकडे नीट पाहायला वेळ लागतो.

डोळ्यांपुढे एक तळघर आणा. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हानिया राज्यातलं, डिसेंबरमधलं. एक जाड लाकडी बाक, त्यावर खाली ओढून घेतलेला दिवा आणि बाकाच्या कडेला व्हाइस. व्हाइसच्या जबड्यांना आतून चामड्याचे तुकडे लावलेत आणि त्यांच्यामध्ये एक रायफल आडवी धरली आहे. ही ठासणीची रायफल. तोंडाकडून मोजून दारू ओतायची, मग तेलकट कापडात बसवलेली शिशाची गोल गोळी ठेवायची, गजाने ती तळापर्यंत ठासायची आणि चकमकीच्या ठिणगीने दारू पेटवायची. नळी बाहेरून अष्टकोनी, लांबी ४२ इंच. अठराव्या शतकात लँकेस्टरच्या आसपास वस्तीला आलेल्या जर्मन आणि स्विस कारागिरांनी ही घडण बसवली. त्यांच्या मायदेशातल्या येगर रायफली आखूड आणि जाड होत्या. इथे त्या हळूहळू लांब आणि सडपातळ होत गेल्या. पेनसिल्व्हानियात १९७४ पासून चकमकीच्या बंदुकीने हरणाची शिकार करण्यासाठी वेगळा हंगाम ठेवला आहे, नाताळ उलटल्यावरचा. त्यामुळे असं तळघर ही काही नुसती कल्पना नाही. हंगाम जवळ आला की अशा पुष्कळ तळघरांत दिवा जळतो.

बाकावर काय काय आहे ते एकेक करून पाहा. पितळेचा एक लहान ठोकळा. स्प्रिंगच्या पोलादाची अरुंद पट्टी. हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला बारीक स्क्रू, इंचाला चाळीस आटे असलेला. चांदीचं एक जुनं नाणं. दोन-तीन कानशी, त्यांत एक तिकोनी. पितळेचा पंच आणि हलकी हातोडी. यातून नेम धरायचं साधन तयार व्हायचं आहे: नळीच्या तोंडाशी उभं पातं, म्हणजे माशी, मागे खाच, आणि ती खाच हवी तेव्हा वर-खाली आणि डावी-उजवीकडे सरकवता यावी अशी.

कानस उचलण्याआधी गज उचला. रिकाम्या नळीत गज तळापर्यंत जातो आणि त्यावर कोरलेली खूण बरोबर नळीच्या तोंडाशी येते. आत दारू आणि गोळी असेल तर खूण इंचभर किंवा जास्तच वर राहते. बंदूक रिकामी आहे हे आपल्याला आठवत असतं, तरी गज सोडायचा. तो खाली जाताना पाहायचा, तळाला लागल्याचा आवाज ऐकायचा आणि खूण बोटाने चाचपायची. हे घाईने करू नका.

आता नळीकडे बाजूने पाहा.

तिच्या पोकळीच्या मधोमध एक रेष कल्पा. दारू पेटली की गोळी याच रेषेने तोंडापर्यंत येते. या रेषेच्या जेमतेम इंचभर वर दुसरी एक रेष आहे: डोळ्यापासून निघून खाचेतून जाणारी, माशीच्या माथ्याला टेकून पुढे लक्ष्यावर पोचणारी. पहिली रेष लोखंडात कोरलेली आहे. दुसरी रेष कोणी गाल दस्त्याला लावून पाहील तेवढाच वेळ असते. मान उचलली की ती गेली. या दोन रेषांकडे आलटून पालटून पाहा. त्या समांतर नाहीत. गोळी नळी सोडते त्याच क्षणापासून ती खाली पडू लागते, म्हणून नळीचं तोंड नजरेच्या रेषेच्या मानाने किंचित वर उचललेलं ठेवावं लागतं. गोळी खालून येते, नजरेची रेष ओलांडते, काही अंतर तिच्या वरून जाते आणि मग उतरत उतरत तिला दुसऱ्यांदा ओलांडते. ही दुसरी भेट कुठे व्हावी, पन्नास यार्डांवर की पंच्याहत्तर, तेवढंच ठरवणं आपल्या हातात आहे.

इथे थोडं थांबा, कारण या साऱ्या कामाचं मर्म इथेच आहे. माशी आणि खाच गोळीला कुठेही पाठवत नाहीत. गोळी कुठे जायची हे नळीने, दारूने, कापडाने आणि धक्क्याने आधीच ठरवलेलं असतं. खाच सरकवली तरी बंदुकीचं मन बदलत नाही. गोळी जिथे जाते तिथे नेऊन आपण आपली नजर ठेवतो, एवढंच हे काम. कानस हातात असताना हे विसरायला होतं. आपण बंदूक दुरुस्त करतोय असं वाटू लागतं, आणि तिथूनच चुकीचा कीस पडायला सुरुवात होते.

म्हणून माशीला हात लावण्याआधी नळीला बोलू द्यायचं. अर्ध्या इंचाच्या नळीत ०.४९० इंचाची गोळी घालतात आणि तिच्याभोवती साधारण ०.०१५ इंच जाडीचं सुती कापड. बेरीज करून पाहा: गोळीच्या दोन्ही बाजूंचं कापड धरलं तर नळीच्या व्यासापेक्षा हे थोडं जास्तच होतं. तेच हवं असतं. कापड दाबलं जातं, नळीतल्या मळसूत्री खाचांमध्ये घट्ट बसतं आणि गोळीला फिरकी देतं. कापड पातळ पडलं तर वायू कडेने निसटतो, कापड जळून भोकं पडतात आणि गोळ्या भरकटतात. बार झाल्यावर नळीपुढे पडलेलं कापड उचलून पाहणारे लोक त्यावरून बरंच वाचतात: कडा कुरतडलेल्या आहेत का, मध्ये छिद्र आहे का, जळल्याचा डाग गोल आहे की एकाच बाजूला. काळी दारू नळीत राख सोडते, म्हणून दर बारानंतर ओलसर चिंधी फिरवावी लागते. नाहीतर तिसरी गोळी पहिलीसारखी जात नाही.

मेजावर वाळूच्या पिशव्या, त्यांवर रायफल टेकवलेली. एकाच ठिकाणी नेम धरून पाच गोळ्या सुटतात. कागदावर पाच भोकं. ती नेमाच्या जागी नसतील. खाली असतील, उजवीकडे असतील, चालेल. पाहायचं ते हे की ती एकमेकांजवळ आहेत की नाहीत. पाचही भोकं तळहाताखाली झाकली गेली तर या बंदुकीकडे सांगण्यासारखं काही आहे आणि तिची माशी करायला घ्यावी. भोकं कागदभर विखुरली असतील तर जगातली सर्वांत उत्तम खाचही उपयोगाची नाही. आधी कापड बदलावं, दारू पाच-पाच ग्रेनने कमी-जास्त करून पाहावी. पुंजका आधी, नेम नंतर. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. घरगुती कामात नेमका तोच उलटा होतो, कारण स्क्रू फिरवणं सोपं असतं आणि थांबून पाहणं अवघड.

आता डोळ्याकडे वळू.

समोरच्या भिंतीवर एक ठिपका पाहा. हात लांब करून अंगठा त्या ठिपक्याखाली धरा. ठिपक्याकडे पाहिलंत तर अंगठा धूसर होतो. अंगठ्याकडे पाहिलंत तर ठिपका विरघळतो. सुईत दोरा ओवताना पलीकडची खिडकी दिसेनाशी होते, तसंच. डोळ्याला एका वेळी एकच अंतर स्पष्ट दिसतं, आणि रायफलीवर तर अंतरं तीन आहेत: जवळची खाच, हाताबाहेरची माशी आणि दूरचं लक्ष्य. तिन्ही एकदम स्वच्छ दिसणं शक्यच नाही. जुने नेमबाज नव्या माणसाला सांगतात की माशीकडे पाहा. खाच धूसर असू दे, लक्ष्यही थोडं विरघळू दे, पण माशीची वरची कड धारदार दिसली पाहिजे. क्षणभर अंगठ्याकडे पाहत राहा आणि ठिपका विरघळू द्या. ज्याला साधायचं आहे त्याच्यावरून नजर काढून मधल्या एका लहानशा गोष्टीवर ठेवायची, याला मनाची तयारी लागते. मन सारखं लक्ष्याकडे धावतं. त्याला न रागावता परत माशीवर आणा.

चाळिशी उलटली की डोळ्याचं भिंग ताठर होऊ लागतं आणि आधी हरवते ती जवळची खाच. दुकानात मिळणारी अरुंद व्ही आकाराची खाच नुसती काळी भुरकट दिसू लागते. घरी खाच करायला बसणाऱ्यांत या वयाचे लोक पुष्कळ असतात, आणि ते का हे समजण्यासारखं आहे. उपाय साधेच आहेत. खाच नळीवर पुढे सरकवायची. डोळ्यापासून चार-सहा इंच लांब गेली की ती पुन्हा थोडी आकाराला येते. किंवा खाच रुंद आणि चौकोनी करायची, म्हणजे माशीच्या दोन्ही बाजूंना उजेडाच्या दोन उभ्या फटी दिसतात, आणि दोन फटी सारख्या आहेत की नाहीत हे धूसर डोळ्यालाही कळतं. किंवा खाचेऐवजी बारीक छिद्र. छिद्रातून पाहिलं की जवळचं आणि दूरचं दोन्ही स्वच्छ दिसू लागतं आणि डोळा न सांगता छिद्राच्या मध्याशी येतो. ही युक्ती जुनी आहे: तुर्की रायफलींवर नळीच्या मागच्या टोकाशी एकाखाली एक छिद्रं असलेली उभी पट्टी असे आणि अंतराप्रमाणे वरचं किंवा खालचं छिद्र वापरत.

दुकानातल्या काही खाचांना दोन्ही बाजूंनी वर वळलेली शिंगं असतात. दिसायला ती देखणी, पण ती लक्ष्याच्या आजूबाजूचं सगळं झाकून टाकतात. झाडीत हरण हलत असताना मला ती नकोत असंच वाटतं. सपाट माथा आणि चौकोनी खाच बरी.

इथे कोकणातल्या ठासणीच्या बंदुकीची आठवण येते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ती अजून पुष्कळ घरांत आहे, रानडुकरांसाठी आणि वानरांसाठी. तिची नळी आतून गुळगुळीत, छऱ्यांची. तिच्यावर बहुधा पुढे एक माशी असते आणि मागे काहीच नसतं. मागची खाच म्हणजे नेम धरणाऱ्याचा डोळाच. गाल दस्त्यावर दर वेळी त्याच जागी टेकला तरच डोळा त्याच जागी येणार. गाल जरा उचलला की मार वर गेला. पेनसिल्व्हानियातल्या रायफलीवर हे काम धातूची खाच करते, पण गालाचं काम त्यामुळे संपत नाही. आपला गाल एकदा हलकेच तळहातावर टेकवा. उचला. पुन्हा टेकवा. त्याच जागी टेकला का?

थोडं गणित करू या, सावकाश. खाचेपासून माशीपर्यंतचं अंतर ३० इंच धरा. पन्नास यार्ड म्हणजे १८०० इंच. १८०० भागिले ३०, उत्तर ६०. खाच एक इंच सरकली तर पन्नास यार्डांवर मार साठ इंच सरकेल. उलट बाजूने पाहा: कागदावर पुंजका तीन इंच खाली आहे, तर खाच किती वर हवी? तीन भागिले साठ, म्हणजे ०.०५ इंच, सव्वा मिलिमीटरच्या आसपास. माणसाच्या केसाची जाडी ०.००३ इंच धरली तर केसभर सरकण्याने पन्नास यार्डांवर जवळपास पाचव्या हिश्श्याने इंचाचा फरक पडतो. एकास साठ. हा आकडा मनात ठेवून पुन्हा बाकावरच्या कानशीकडे पाहा. एका घावाने किती धातू जातो? तिकडे, पन्नास यार्डांवर, त्याचं किती होतं?

दिशा लक्षात ठेवायला सोपी आहे. मार जिकडे न्यायचा तिकडे मागची खाच न्यायची. मार वर हवा तर खाच वर, उजवीकडे हवा तर उजवीकडे. माशीचं मात्र बरोबर उलटं. ती कानसून बुटकी केली की मार वर जातो.

म्हणून माशी मुद्दाम उंच करतात. १९६४ पर्यंतच्या अमेरिकन डाइम आणि क्वार्टर नाण्यांत ९० टक्के चांदी असे, आणि जुन्या नाण्याचा तुकडा पितळेच्या किंवा लोखंडाच्या पायात डाखून माशीचं पातं करणं ही या कामातली आवडती रीत आहे. चांदी झाडीतल्या मंद उजेडात दिसते. पातं उंच असल्यामुळे पहिला पुंजका खाली पडतो, आणि तसा तो पडलेला चांगला. मग कानस एकदा, दोनदा फिरवायची. पुन्हा नळी भरायची, पुन्हा पाच गोळ्या. पुंजका वर सरकतो. पुन्हा कानस. इथे घाई केली तर परतीची वाट नाही. कानस फक्त काढते, लावत नाही. नेमाची जागा यायला अर्धा इंच उरला की पुष्कळ जण त्या दिवशीचं काम थांबवतात. दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या उजेडात, पुन्हा पाहतात.

उजेडाचंही एक कारण आहे. चकचकीत माशीवर डावीकडून ऊन पडलं की तिची डावी कड उजळते आणि डोळा त्या उजळ भागालाच पूर्ण माशी समजतो. तो भाग खाचेच्या मध्याशी आणताना नळी उजवीकडे जाते आणि गोळीही. मार उजेडापासून दूर पळतो. म्हणून माशीचा डोळ्याकडचा चेहरा सपाट कानसतात, आणि कागदावर नेम धरायचा असेल तर मेणबत्तीच्या काजळीने तो काळा करतात, अर्थात दारूचा डबा दुसऱ्या खोलीत ठेवून.

आता खाचेचा पाया. पाया नळीत बसतो तो डव्हटेलच्या खाचेत: वर अरुंद, तळाशी रुंद, म्हणजे आत सरकवलेला तुकडा वर उचलला जाऊ शकत नाही. नळीच्या वरच्या पैलूवर आडव्या दोन रेघा आखा. हॅकसॉने उथळ काप घ्या, इंचाच्या सोळाव्या भागाहून फार खोल नको, कारण त्याखाली नळीची भिंत आहे आणि त्या भिंतीच्या आत दारू पेटणार आहे. मधला धातू चपट्या कानशीने काढा. मग तिकोनी कानस. तिचे कोन साठ अंशांचे असतात आणि डव्हटेलचा कोनही तोच. पण तिची एक बाजू आधी घासून गुळगुळीत करून घ्यावी लागते, म्हणजे ती फक्त तिरकी भिंत कापेल, तळ खोल करणार नाही.

या कानशीचा आवाज मनात आणा. पुढे जाताना कापते, मागे येताना उचललेली. पुढे, उचल. पुढे, उचल. श्वासही तसाच चालू दे.

पितळेचा पाया आत जातो का पाहा. जाणार नाही. त्याच्या कडांना मेणबत्तीची काजळी लावा, जाईल तेवढा आत ढकला, बाहेर काढा. खाचेच्या भिंतीवर जिथे काळं लागलं तिथेच तो अडतोय. पायावरची फक्त तेवढीच जागा कानसायची. पुन्हा काजळी, पुन्हा ढकल, पुन्हा एक काळा ठिपका. शहाणा हात कानस पायाच्या पितळेवर चालवतो, नळीवर नाही. पितळ बिघडलं तर दुसरं मिळेल, नळी एकच आहे. पाया बोटाच्या जोराने अर्धा आत गेला आणि उरलेला अर्धा पंचाच्या हलक्या ठोक्यांनी गेला की तो नीट बसला. तो याच ठोक्यांनी पुढे डावी-उजवीकडे सरकेल, आणि आडव्या सुधारणेला बहुतेक वेळा तेवढं पुरतं. मार एकदा जुळला की पाया आणि नळी यांच्यावरून एकच बारीक रेघ ओढून ठेवतात. पुढे कधी पाया हलला तर रेघ तुटलेली दिसते.

वर-खाली करण्यासाठी ती पोलादी पट्टी. तिचं पुढचं टोक पायाला रिव्हेटने जखडलेलं. मागचं टोक वर वळवलेलं, त्यातच चौकोनी खाच. खाचेच्या अगदी जवळ पट्टीला भोक पाडून आटे कापलेले, आणि त्यातून स्क्रू खाली पायावर टेकलेला. स्क्रू आत फिरवला की पट्टी उचलली जाते. बाहेर फिरवला की तिचा स्वतःचा ताण तिला खाली आणतो. पट्टी स्प्रिंगची असणं म्हणूनच गरजेचं. मऊ पत्रा वर गेला तर वरच राहील आणि धक्क्यागणिक खाली बसत जाईल.

इंचाला चाळीस आटे म्हणजे एका फेऱ्यात ०.०२५ इंच. तेच एकास साठ लावा: एका पूर्ण फेऱ्याला पन्नास यार्डांवर दीड इंच, पाव फेऱ्याला इंचाचा तीन-अष्टमांश. हाच स्क्रू पट्टीच्या मधोमध बसवला असता तर खाच दुप्पट उचलली गेली असती आणि पाव फेऱ्यालाच पाऊण इंच सरकलं असतं. म्हणून तो खाचेजवळ. स्क्रूच्या डोक्यावर कानशीने एक रेघ घ्या, म्हणजे पाव फेरा नजरेने मोजता येईल, आणि वरून एक छोटा लॉक नट, म्हणजे धक्क्याने तो आपोआप फिरणार नाही.

आता ती खाच एकदा कल्पनेत वर करा. पाव फेरा. पुन्हा खाली, पाव फेरा. जिथून निघालात तिथेच परत आलात. माशी कानसताना हे शक्य नव्हतं.

जुन्या घडणीचे जाणकार या स्क्रूला नाकं मुरडतात. लँकेस्टरच्या रायफलीला तो शोभत नाही, हे त्यांचं म्हणणं खरं आहे, आणि पारंपरिक स्पर्धांमध्ये अशा खाचेला मज्जाव असतो तोही योग्यच. थॉम्प्सन सेंटर कंपनीने १९७० मध्ये हॉकेन नावाची रायफल आणली ती स्क्रूवर सरकणाऱ्या खाचेसह, आणि तेव्हापासून हा वाद चालू आहे. पण सरकती खाच काही कालची नव्हे. १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड रायफल आपल्याकडे तिच्या काडतुसांमुळे ठाऊक आहे. तीही ठासणीचीच, आणि तिच्या नळीवर मागे शिडीसारखी उभी राहणारी खाच होती. जवळच्या अंतरासाठी पायऱ्या, दूरसाठी उभी पट्टी आणि तिच्यावर सरकणारा आडवा तुकडा. शंभर यार्डांपासून थेट नऊशेच्या वर यार्डांच्या खुणा त्यावर कोरलेल्या.

१८५७ नंतर इंग्रजांनी देशी पलटणींसाठी याच बंदुकीचा वेगळा नमुना काढला. बाहेरून तीच. आतून नळी गुळगुळीत, आणि सरकत्या शिडीच्या जागी एक अचल खाच. शिपायाच्या हाती बंदूक द्यायची, पण त्याची नजर दूर पोचू द्यायची नाही. या एका निर्णयावर थोडा वेळ राहा. पेराएवढ्या धातूच्या तुकड्याची किंमत त्या अधिकाऱ्यांना नेमकी कळली होती. तळघरात बसून स्वतःच्या डोळ्याला जुळेल अशी खाच स्वतः कानसणारा माणूस मला या इतिहासाच्या शेजारी ठेवून पाहावासा वाटतो. त्याची खाच कुठवर जावी हे दुसरं कोणी ठरवत नाही.

सरकत्या खाचेची सर्वांत बारीक रूपं लांब पल्ल्याच्या सामन्यांत दिसली. २६ सप्टेंबर १८७४ ला न्यूयॉर्कजवळ क्रीडमूर इथे आयर्लंडचा आणि अमेरिकेचा संघ समोरासमोर आले. अंतरं ८००, ९०० आणि १००० यार्ड. आयरिश नेमबाजांकडे डब्लिनच्या रिग्बीच्या ठासणीच्या रायफली होत्या, अमेरिकनांकडे मागून भरायच्या रेमिंग्टन आणि शार्प्स. दोन्हीकडच्या खाचा म्हणजे दस्त्यावर उभी पट्टी, छिद्र, आणि अंशाचेही भाग मोजणारी व्हर्निअर मोजपट्टी. अमेरिका ९३४, आयर्लंड ९३१. तीन गुणांचा फरक. त्या सामन्यात मिल्नर या आयरिश नेमबाजाची एक गोळी थेट मध्यात लागली, पण शेजारच्या लक्ष्याच्या. त्या गोळीला शून्य मिळालं. छिद्र बरोबर होतं, माशी बरोबर होती, नळीची आणि नजरेची रेष जिथे भेटायची तिथेच भेटली होती.

त्या शून्यापाशी हवं तेवढं थांबा. मग तळघरात परत या. अजून एक काम बाकी आहे.

चकमकीच्या बंदुकीत चाप ओढल्यापासून गोळी सुटेपर्यंत क्षणाचा एक भाग जातो. घोडा पडतो, ठिणग्या उडतात, नळीबाहेरच्या वाटीतली बारीक दारू भपकन पेटते, ती आग नळीच्या बाजूच्या छिद्रातून आत जाते आणि मग बार होतो. या मधल्या वेळात डोळा मिटला किंवा मान उचलली तर आतापर्यंत कानसलेलं सगळं वाया. त्यामुळे भपका दिसल्यावरही माशीकडेच पाहत राहायचं, बार होऊन धूर येईपर्यंत. सरावासाठी रिकाम्या बंदुकीत चकमकीच्या जागी लाकडाचा तेवढाच तुकडा लावतात आणि घोडा पडल्यावर माशी कुठे होती ते पाहतात. आता डोळे मिटून तो घोडा पडू द्या आणि मनातली माशी हलली का पाहा. हलली असेल तर पुन्हा.

आणि मग शेवटची तपासणी. मेजावरचे पुंजके, चिंधी फिरवूनही थोडी राख धरलेल्या, बाराने तापलेल्या नळीतून पडलेले असतात. शिकारीच्या सकाळी नळी थंड असते, स्वच्छ असते आणि बार बहुधा एकच मिळतो. ती पहिली गोळी पुंजक्याच्या जरा बाजूला जाणं हे या बंदुकींत नेहमीचं आहे. म्हणून खाच जुळल्यावर रायफल धुऊन, पुसून, कोरडी करून ठेवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच दारू, तेच कापड, तोच गज घेऊन एक गोळी मारायची आणि नळी पुन्हा पुसायची. तिसऱ्या सकाळी आणखी एक. असं चार-पाच सकाळींचं एकेक भोक एकाच कागदावर जमलं की त्यांचा मध्य काढायचा आणि स्क्रू फिरवायचा तो त्या मध्याप्रमाणे. वहीत तारीख लिहायची, दारूचे ग्रेन, कापडाची जाडी, हवा कशी होती ते, आणि स्क्रूवरची रेघ कुठल्या बाजूला आहे ते. दारूचा नवा डबा उघडला की हे सगळं पुन्हा करायचं.